मलब्याची गिट्टी : मानकातल्या दोन शब्दांची गोष्ट

काँक्रीटमध्ये कोणती खडी चालेल हे ठरवणारे भारतीय मानक म्हणजे आयएस ३८३. त्याच्या १९७० च्या आवृत्तीच्या नावातच ‘नैसर्गिक स्रोतांतील’ असे शब्द होते. खाणीतला काळा दगड फोडून केलेली गिट्टी त्यात बसे, पाडलेल्या स्लॅबची बसत नसे. (आम्ही इंदूरकर मराठी माणसे खडीला गिट्टी आणि राडारोड्याला मलबा म्हणतो; इथेही तेच शब्द ठेवतो.) २०१६ च्या सुधारणेत नावातले ते शब्द गेले आणि मलब्याच्या गिट्टीलाही दार उघडले. मलब्याच्या गिट्टीचे फायदे त्याआधीही होतेच. पण मानकात नाही ती वस्तू अभियंता निविदेत लिहीत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण यंत्रांची नव्हती, ही होती.

पाडलेल्यातून बांधणे आपल्याला मुळीच नवे नाही. चुन्याच्या काळात फुटक्या विटा कुटून सुर्खी करत आणि ती चुन्यात मिसळत. भाजलेल्या मातीची चुन्याशी क्रिया होते आणि ओलीतही तो घट्ट धरतो. चुना विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून वाडा उतरवताना वीट अखंड सुटे. सागवानी तुळया, खांब आणि चौकटी तर दुसऱ्या घरात जाऊन बसत. ‘पाडणे’ आणि ‘उतरवणे’ हे वेगळे शब्द आपल्याकडे उगाच नाहीत. सिमेंट आले आणि ही सोय संपली. त्याचा सांधा इतका कडक की वीट फुटते, सांधा सुटत नाही. मग उरतो तो नुसता ढीग, आणि तो रात्री नाल्याकाठी जाऊन पडतो. आपल्या इंदूरच्या कान्ह नदीच्या काठांनी हे पुष्कळ सोसले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शहरेच्या शहरे अशा ढिगाखाली होती. तिथल्या लोकांनी, त्यात बायका मोठ्या संख्येने, विटा वेचून साफ केल्या. फुटक्या विटांच्या काँक्रीटसाठी १९५१ मध्ये मानकही आले. भारतात दिल्लीच्या बुराडीत २००९ मध्ये मलबा प्रक्रिया केंद्र सुरू झाले. बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम मात्र २०१६ उजाडल्यावरच आले, म्हणजे मानक बदलले त्याच वर्षी.

नव्या मानकाने सरसकट मोकळीक दिली नाही, आणि ते योग्यच झाले. जुन्या काँक्रीटच्या गिट्टीला जुने सिमेंट चिकटलेले असते, ते पाणी ओढते. आपला काळा दगड वजनाच्या साधारण एक टक्का पाणी शोषतो, ही गिट्टी तीन ते आठ टक्के. म्हणून साध्या काँक्रीटमध्ये एकूण गिट्टीच्या २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तेही एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच, अशी मर्यादा आहे. एम-१५ पेक्षा कमी दर्जाच्या, पायाखाली घालतात त्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. हे आकडे तोकडे वाटतील. पण पाच डंपरमागे एक डंपर गिट्टी वाचली, तर तेवढी टेकडी फुटायची वाचते आणि खाणीपासूनची तेवढी वाहतूकही.

इंदुरात देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर दिवसाला १०० टन मलबा हाताळू शकणारे केंद्र आहे. फुटपाथचे पेव्हर ब्लॉक त्यातून होतात. राजवाड्याभोवतीचे रस्ते रुंद करताना घरांचे दर्शनी भाग पाडले गेले. २०१३ मध्ये सुरू झालेली बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी मार्गिकाही आता हटवली जाते आहे. अशा शहरात कच्च्या मालाला तोटा नाही. २०२५ च्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर मलब्याची जबाबदारी टाकली, १ एप्रिल २०२६ पासून.

लोकमान्य नगरातले दोन खोल्यांचे घर या हिशेबात येत नाही. तिथे स्लॅब, विटा, प्लास्टर, फरशी आणि चौकटीची लाकडे एकाच ट्रॉलीत भरली जातात. काँक्रीट तिथेच वेगळे काढले, तर त्याची गिट्टी पुन्हा सळईच्या कामात जाऊ शकते. विटांमध्ये मिसळले, की तीच गिट्टी फक्त पायाखालच्या काँक्रीटपुरती उरते.