चाचणीने दिलेला नकार

‘रक्ताच्या साध्या तपासणीतून मुदतपूर्व प्रसूतीचे भाकीत’ अशा आशयाची बातमी अधूनमधून झळकते. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आईच्या रक्तातील आरएनएवरून, म्हणजे जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंवरून, असा अंदाज बांधता येईल असे दाखवले, पण तो अभ्यास मोजक्याच स्त्रियांवर बेतलेला होता. दर दहा बाळांपैकी साधारण एक ३७ आठवडे भरण्याआधी जन्मते, तेव्हा अशा बातमीची ओढ समजण्यासारखी आहे. तरीही आज उपचारांना दिशा देणारी माहिती मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडापाशीच मिळते.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजतात आणि २४ आठवड्यांपूर्वी ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास धोका वाढलेला मानतात. हे तोंड आतून उघडू लागते. पडद्यावर आधी इंग्रजी ‘टी’सारखी दिसणारी आकृती ‘वाय’, मग ‘व्ही’ आणि अखेर ‘यू’सारखी होते, बाहेरून मात्र तोंड बंदच दिसू शकते.

मला स्वतःला अधिक मोह पडतो तो फायब्रोनेक्टिनचा. गर्भावरण आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या सांध्यावर असलेले हे प्रथिन डिंकासारखे काम करते. आवरण अस्तराला चिकटत असताना, म्हणजे पहिल्या वीसेक आठवड्यांत, ते योनीस्रावात सापडणे स्वाभाविक असते. एकदा सांधा पक्का झाला की ते दिसेनासे होते आणि प्रसूती जवळ आल्यावर पुन्हा पाझरू लागते. म्हणून साधारण २२ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यान कापसाच्या बोळ्यावर घेतलेल्या स्रावात ते मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम किंवा अधिक आढळले, तर सांधा कुठेतरी सुटत असल्याची शंका येते. शंकाच, कारण रक्तस्राव किंवा आदल्या दिवशीचा शरीरसंबंध यांमुळेही चाचणी फसते आणि ‘होकार’ मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची प्रसूती आठवड्याभरात होतच नाही. उलट, कळा येत असूनही चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर पुढच्या सात दिवसांत प्रसूती न होण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या आसपास असते.

या नकाराची किंमत कळण्यासाठी बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाकडे पाहावे लागते. सातव्या महिन्यातले बाळ तगते आणि आठव्यातले दगावते, हा समज प्राचीन ग्रीक वैद्यकातही आढळतो, पण तो साफ चुकीचा आहे. फुप्फुसांना गर्भात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो. न्यूझीलंडमधील डॉक्टर लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, आईला आधी स्टेरॉइड दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वसनत्रास कमी होतो. मात्र हा लाभ इंजेक्शनानंतर साधारण एक ते सात दिवसांत बाळ जन्मल्यास सर्वाधिक मिळतो आणि ही मात्रा पुन्हापुन्हा देणे हितावह नसते. चाचणीच्या नकारामुळे ती मात्रा हातची राखता येते.