रेल्वे प्रतिकृतीचा पाया आणि आच्छादन

प्रमाणबद्ध छोट्या रेल्वेचे रूळ, स्थानके आणि डोंगर ज्या चौकटीवर बसवतात तिला बेसबोर्ड म्हणतात. मांडणी वापरात नसताना तिच्यावर घालायचे आच्छादन हा त्याच बांधकामाचा भाग मानावा. ते मागाहून सुचले तर जागा करण्यासाठी सिग्नल तरी मोडावे लागतात, नाहीतर झाडे तरी.

गोव्यात दोहोंची परीक्षा पावसाळा घेतो. वर्षाला सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. दमट हवेत लाकूड तंतूंना आडवे फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. १:८७ या एचओ प्रमाणात दोन रुळांमधले अंतर अवघे १६.५ मिमी. असते, त्यामुळे दोन फळ्यांच्या सांध्यावर अर्ध्या मिमी.चा फरकही डबा घसरायला पुरतो. प्लायवूडच्या थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने ते भरीव फळीपेक्षा कमी हलते. त्यातला एमआर प्रकार नुसता दमटपणा सोसणारा आहे. येथे निदान बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणी सोसणारा प्रकार हवा. मरीन प्लाय त्याहून टिकाऊ आणि महाग. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) सपाट व स्वस्त मिळते, पण कडेतून पाणी प्यायले की जे फुगते ते पुन्हा बसत नाही.

साधारणपणे ९ किंवा १२ मिमी.चा तक्ता आणि खाली दर ३० ते ४० सेंमी.वर आडवी पट्टी पुरते. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके सीलरने बंद करतात. रंग वरून देतात तसाच खालूनही द्यायचा, नाहीतर दोन बाजू कमीअधिक ओलावा घेतात आणि तक्ता वाकतो. हे सुताराला आधीच सांगून ठेवावे, कारण न दिसणारी बाजू रंगवायची सवय फारशी कोणाला नसते. जुन्या चिरेबंदी घरांच्या भिंती पावसात ओल धरतात आणि वाळवीही भिंतीवरूनच चढते; म्हणून चौकट भिंतीला न टेकवता हातभर पुढे घेतात. पायांना खाली बोल्ट लावला की ओबडधोबड जमिनीवरही पातळी साधते.

गोवा-कर्नाटक सीमेवरचा ब्रागांझा हा रेल्वेघाट उभारायचा असेल तर सपाट तक्ता उपयोगाचा नाही. कुळे ते कॅसलरॉक चढण १:३७ आहे. आठ फुटी पायावर तोच चढ ठेवला तर रूळ दुसऱ्या टोकाला जेमतेम ६६ मिमी. वर जातात, दरीचा भास व्हायला जमीन रुळांच्या खाली उतरावी लागते. म्हणून येथे उघडी चौकट वापरतात : फक्त रुळांखाली प्लायची पट्टी, ती वेगवेगळ्या उंचीच्या ठोकळ्यांवर, आणि बाकीची जागा मोकळी. दूधसागरची उंची सुमारे ३१० मी. धरली तर १:८७ प्रमाणात धबधबा साडेतीन मीटरचा होईल, म्हणजे छत फोडावे लागेल. तेथे प्रमाण सोडलेलेच बरे.

आच्छादनाबाबत सर्वांत मोठा गैरसमज प्लास्टिकचा. ताडपत्री वा पॉलिथिन घट्ट बांधले की आतला ओलावा आतच राहतो, आणि पुठ्ठ्याच्या इमारतींवर, रंगवलेल्या भुशाच्या गवतावर बुरशी धरते. कौलांतून झडणारी माती, उन्हाळ्यातली लाल धूळ, वास्को भागात कोळशाची पूड, यांना अडवायला घट्ट विणीचे सुती कापड पुरते. ते वस्तूंवर टेकू नये म्हणून वायरिंगच्या पीव्हीसी नळीच्या कमानी पायाच्या कडेला खोवतात. गळके छप्पर असेल तर प्लास्टिक वेगळ्या, उंच चौकटीवर ताणावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. ॲक्रिलिकची पेटी दिसते छान. तिला तळाशी आणि माथ्याशी जाळीची भोके हवीत. कपाटात पावसाळ्यात बारीक दिवा पेटता ठेवण्याची जुनी युक्ती कापड वा पुठ्ठ्याजवळ नको. त्याऐवजी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून तापवून घेतात.

ने-आण करायच्या मांडणीला वेगळे झाकण लागत नाही. सारख्या मापाचे दोन पाये समोरासमोर, एक उलटा, असे ठेवून दोन्ही टोकांना प्लायचे तक्ते बोल्टने कसले की पेटी तयार होते. तक्त्यांची उंची मात्र समोरासमोर येणाऱ्या सर्वांत उंच वस्तूंच्या बेरजेपेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते.