‘शट डाऊन’चा अर्थ 2012 मध्ये बदलला, बटणावरचं नाव तेच राहिलं

विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर क्लिक केलं, की खाली ‘अप टाइम’ दिसतो. रोज संध्याकाळी न चुकता शट डाऊन होणाऱ्या कॉम्प्युटरवरही तिथे 11:06:42:10 असा आकडा सापडू शकतो. म्हणजे 11 दिवस, 6 तास आणि वर काही. आकडा बरोबर असतो. प्रोग्रामच्या खिडक्या रोज बंद झाल्या, स्क्रीन काळी झाली, पंखाही थांबला. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, 11 दिवसांत एकदाही नव्याने सुरू झालेला नसतो.

विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात शट डाऊन अशी आज्ञाच नव्हती. प्रॉम्प्ट दिसला, की खटक्याचं बटण दाबून वीज तोडायची. जुन्या हार्ड डिस्कवर त्याआधी ‘पार्क’ हा प्रोग्राम चालवून डिस्क वाचणारे हेड बाजूला न्यायचे, एवढाच सोपस्कार. रिस्टार्ट मात्र 1981 च्या पहिल्या पीसीपासून आहे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं, की मेमरीत ठरलेल्या जागी 1234 ही खूण लिहिली जायची आणि ती दिसली, की बायॉस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, मेमरीची लांबलचक चाचणी वगळायचा. हा वॉर्म बूट. वीज तोडून केलेला तो कोल्ड बूट. बंद करून चालू करणं म्हणजे कसून काम आणि रिस्टार्ट म्हणजे उरकणं, हे जे अनेकांच्या डोक्यात आजही बसलेलं आहे, ते तेव्हाचं. तेव्हा ते खरंही होतं.

विंडोज 95 मध्ये डिस्कवर लिहायचं राहिलेलं आधी पूर्ण करून मगच ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशी नारिंगी अक्षरं यायची. खटका तरीही माणसानेच दाबायचा. 1995 मध्ये एटीएक्स हा मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या मांडणीचा नवा प्रकार आला आणि पुढचं बटण नुसतं विनंतीचं झालं: वीज तोडायची की नाही हे मदरबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरवणार, फारच अडलं तर 4 सेकंद दाबून धरायचं. त्यासोबत 5 व्होल्टची स्टँडबाय लाईन आली. भिंतीवरचं बटण चालू असेल, तर ‘बंद’ कॉम्प्युटरच्या बोर्डावर ती कायम जिवंत असते. डिसेंबर 1996 च्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाने म्हणूनच बंद असण्याचेही दोन प्रकार केले: एस5 म्हणजे सॉफ्ट ऑफ आणि जी3 म्हणजे वीजच नाही. एस4 म्हणजे हायबरनेट, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून झोपणं.

ऑक्टोबर 2012 मध्ये विंडोज 8 बाजारात आलं आणि त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ मुळातच चालू ठेवलेलं होतं. शट डाऊन केलं, की वापरणाऱ्याचे प्रोग्राम बंद होतात, लॉग ऑफ होतो. पण कर्नल आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वायफायसारखे भाग चालवणारे प्रोग्राम) जसेच्या तसे ‘हायबरफिल डॉट सिस’ या फाईलमध्ये लिहिले जातात. दुसऱ्या दिवशी ते तिथूनच परत उचलले जातात. थोडक्यात, अर्धा एस4. चाचण्यांत बहुतेक मशिन्स 30 ते 70 टक्के लवकर सुरू झाल्याचं मायक्रोसॉफ्टने 2011 मध्येच सांगितलं होतं, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर तो फरक डोळ्यांना दिसायचा. तक्रार वेगाबद्दल नाहीच. नव्या प्रकाराला नवं नाव देता आलं असतं, ते न देता जुन्या शब्दाखाली नवं काम सरकवलं, ही आहे. रिस्टार्टला मात्र यातून वगळलं गेलं, कारण अपडेट आणि ड्रायव्हर बसवताना खरोखरचं कोरं कर्नल लागतं. त्यामुळे जुनं समीकरण उलटं झालं: रिस्टार्ट कसून, शट डाऊन अर्धवट.

याचे फटके ठरावीक आहेत. प्रिंटर किंवा वायफायचा ड्रायव्हर अडकला, तर बंद-चालू करून तो त्याच अडकलेल्या अवस्थेत परत येऊ शकतो. प्लग काढून अर्धा तास थांबलात तरी कर्नल फाईलमधूनच येणार, कारण ती डिस्कवर आहे. ज्यांनी त्याच कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय त्यांचा त्रास वेगळा. विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, ‘हायबरनेट’ अवस्थेत राहिल्याने लिनक्स ते फक्त वाचायला देतं. जबरदस्तीने लिहिलं, तर विंडोज परतल्यावर जुनी नोंद खरी धरून फाईल बिघडवू शकतं.

सोडवायचं कसं? स्टार्टमध्ये शट डाऊनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरलं, की पूर्ण शट डाऊन होतं. हेच शिफ्ट रिस्टार्टसोबत दाबलं तर दुरुस्तीचा निळा मेन्यू उघडतो, तेव्हा गफलत नको. कायमचं काढायचं तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ, आणि खालची ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. हायबरनेट बंद असेल तर फास्ट स्टार्टअपचा हा पर्यायच दिसत नाही. फिरत्या डिस्कऐवजी वेगवान एसएसडी असेल तर वेळेचा तोटा थोडाच.

रिस्टार्टलाही मर्यादा आहे. त्यात कर्नल कोरं होतं, पण वीज जात नाही. लॅन पोर्ट किंवा यूएसबीची चिपच अडकली असेल, तर शिफ्टसह शट डाऊन करा, प्लग काढा, पॉवर बटण 10-15 सेकंद दाबून धरा आणि मग जोडा. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल, तर तीही काढा.

‘अपडेट अँड शट डाऊन’ हा याच गुंत्याचा उपप्रकार. अपडेट बसवायला मधे एक रिस्टार्ट लागतो आणि त्यानंतर बंद व्हायचं असतं. हे ‘त्यानंतर’ अनेक मशिन्सवर विसरलं जायचं आणि सकाळी कॉम्प्युटर लॉगिनच्या स्क्रीनवर जागा सापडायचा. विंडोज 11 मधली त्याची दुरुस्ती ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस आली.

मोबाईलमध्ये हा घोळ फारसा टिकला नाही. जुन्या नोकियाचा गजर फोन बंद असतानाही वाजायचा, म्हणजे ‘बंद’ तिथेही सापेक्षच होतं. 2011-12 च्या सुमाराला काही अँड्रॉइड फोनमध्ये ‘फास्ट बूट’ होतं आणि खरं बूट हवं तर बॅटरी काढावी लागायची. आजच्या फोनमध्ये मात्र शट डाऊन आणि रिस्टार्ट दोन्हींनी मेमरी सारखीच रिकामी होते. महत्त्वाचा फरक पहिल्या अनलॉकचा. फोन सुरू झाल्यावर पिन टाकेपर्यंत बहुतांश डेटा कुलूपबंद असतो, बोटाचा ठसा चालत नाही, आणि तेवढ्यात कॉल आला तर घरच्यांचाही नुसता नंबर दिसतो, नाव नाही. चोराच्या हातातला फोन याच अवस्थेत राहावा म्हणून आयफोनने 2024 मध्ये आणि अँड्रॉइडने 2025 मध्ये, तीन दिवस अनलॉक न झालेला फोन आपोआप रिस्टार्ट करायला सुरुवात केली.