रन दाबलं तरी एकटाच कसा धावतो?

भाचा मुलुंडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी फोन, "मामा, चार प्रोसेसचा प्रोग्राम लिहिलाय पण रन दाबलं की एकच लाइन येते, 'मी 0, एकूण 1'. लॅपटॉप गंडलाय का?" लॅपटॉप ठीक होता, घोळ त्या बटणाचा होता.

कोड लिहायला व्हीएस कोड घ्या नाहीतर दुसरं काही, त्यातलं रन बटण साध्या प्रोग्रामसाठी असतं, कंपाइल करायचं आणि एकदा सुरू करायचं, बस. भाच्याचा प्रोग्राम एमपीआयचा, त्याचं तसं नाही. एमपीआय म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसनी (प्रोग्रामच्या स्वतंत्र चालू कॉपींनी) एकमेकींना निरोप कसे द्यायचे याचे ठरलेले नियम, पहिलं स्टँडर्ड 1994 ला आलं. प्रोग्राम एकच, पण त्याच्या चार कॉपी उठवून प्रत्येकीला 0 ते 3 नंबर देणारा कोणीतरी लागतो, तो म्हणजे एमपीआयरन. बटण त्याला विचारतच नाही, मग एकटी 0 नंबरची उठते आणि सगळं काम मुकाट्याने स्वतःच करते, एररसुद्धा नाही!

उपाय सोपा आहे, सेटिंगच्या फाइलीत जीसीसी या नेहमीच्या कंपाइलरच्या जागी एमपीआयवाला एमपीआयसीसी लिहायचं आणि रनच्या ठिकाणी एमपीआयरन, मायनस एनपी 4, म्हणजे चार कॉपी. भाच्याने हौसेने 16 टाकले तर ओपन एमपीआय या त्याच्याकडच्या एमपीआयच्या सॉफ्टवेअरने सरळ नकार दिला, कारण ते साधारणपणे प्रोसेसरमधले काम करणारे खरे कोअर मोजतं आणि याचे कोअर चारच. ओव्हरसबस्क्राइब, म्हणजे कोअरपेक्षा जास्त कॉपी चालव, असं म्हटलं की चालतं, पण मग चार शेगड्यांवर सोळा कढया, वेग वाढायच्या ऐवजी बहुतेक वेळा कमीच होतो.

ओपनएमपी ही पॅरलल, म्हणजे एकाच वेळी वाटून, काम करायची दुसरी पद्धत, तिची गंमत उलटी आहे. तिथे एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, मेमरी सगळ्यांची एकच, त्यामुळे रन बटण चालतं. पण जीसीसीला एफओपनएमपी हा फ्लॅग द्यायला विसरलात तर तो प्राग्मावाल्या, म्हणजे 'हे काम वाटून दे' सांगणाऱ्या, ओळी सोडून देतो, प्रोग्राम नीट चालतो, उत्तरही बरोबर येतं, फक्त पॅरलल काहीच झालेलं नसतं. मी यात अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे.

मग त्याचा पुढचा प्रश्न, चार कोअर तर चौपट वेग का नाही? आमच्या गिरगावच्या चाळीत दिवाळीला करंज्या व्हायच्या, लाटायला दहा जणी बसल्या तरी तळायची कढई एकच, आणि तिथे आजी कोणाला हात लावू द्यायची नाही. कॉम्प्युटर डिझाइन करणाऱ्या जीन अ‍ॅमडालने 1967 मध्ये मांडलं ते हेच. 100 मिनिटांच्या कामात 10 मिनिटांचं वाटताच येत नसेल तर चार कोअरवर 10 अधिक 22.5, म्हणजे 32.5 मिनिटं, वेग तिपटीच्या जरासा वर. हजार कोअर लावा, 10 मिनिटांच्या खाली येणार नाही.

आउटपुट 2, 0, 3, 1 असं उलटसुलट आलं म्हणून तो परत घाबरला, पण तो बग नाही, ज्या प्रोसेसचं आधी पोचलं तिचं आधी दिसतं. डिबगिंगला, म्हणजे चूक शोधायला, मात्र खरंच डोकं दुखतं, एका प्रोसेसला ब्रेकपॉइंटवर, म्हणजे ठरवलेल्या ओळीवर, थांबवलं की बाकीच्या तिच्या निरोपाची वाट बघत बसतात. मी सुरुवातीला प्रत्येकीचा पीआयडी, म्हणजे तिचा ओळख नंबर, छापतो आणि तिला एका लूपमध्ये अडकवतो, मग हवी ती पकडून डिबगर जोडतो आणि सोडवतो, जुगाड आहे पण चालतो.

आता त्याला हाच प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमधल्या चार मशीनवर चालवायचाय. त्यासाठी होस्टफाइल, म्हणजे मशीनची यादी, आणि पासवर्ड न विचारणारं एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची सोय, लागतं हे अजून सांगितलं नाहीये, पुढच्या रविवारी फोन येईलच.