उसाला तोड आली? पाचटाला काडी लावण्याआधी हे वाचा

तोड झाल्यावर रानात एकरी तीन ते चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पडतं. जाळलं की पालाश थोडंफार राखेत उरतं, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातात.

तेच पाचट सरीत राहिलं तर त्याची किंमत एप्रिल-मेमध्ये कळते. भर दुपारी उघड्या सरीतल्या मातीवर तळहात टेकवत नाही. शेजारच्या सरीतलं पाचट सारून बघा. माती गार, दमट. गांडुळांचे कण पडलेले, पांढऱ्या मुळ्या पार वरच्या थरात आलेल्या. ऊन आणि वारा थेट मातीला लागत नाही, म्हणून ओल टिकते. तणही कमी उगवतं.

साहजिकच पाण्याची पाळी लांबते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात नेमकी इथंच चूक होते. वीज आली की मोटर चालू, ही सवय पाचटाखाली चालत नाही. वाफसा येत नाही, म्हणजे मातीत हवा खेळत नाही, आणि मुळ्या काळ्या पडतात. पाचट सारा, वीतभर खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर पाणी थांबवा. चोपण, पाणी साचणाऱ्या रानात आधी निचऱ्याचं बघा, मग आच्छादनाचं.

उसाचं वजन वाढतं का, हे आमच्या दुकानात प्रत्येक जण विचारतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ बसणाऱ्या रानात फरक डोळ्यांना दिसतो, कारण फुटवे मरत नाहीत. बारमाही पाण्याच्या रानात पहिल्याच वर्षी मोठी अपेक्षा धरू नका. तिथं आधी जमीन सुधारते, वजन मागून येतं.

युरिया मात्र चुकवू नका. आम्ही स्वतःच्या खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, पहिल्या वर्षी पाचटाची यंत्रानं नुसती कुट्टी (बारीक तुकडे) करून सोडली होती, आणि महिन्याभरात पीक पिवळं पडलं. पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः वापरतात, पिकाला उरत नाही. म्हणून पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर विस्कटा, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत शेणखतात मिसळून टाका आणि लगेच पाणी द्या. त्यानंतरची खतं पाचटावर फेकायची नाहीत. बुडख्याजवळ पहारीनं वीतभर खोल भोक पाडून द्यायची.

बुडखे उघडे ठेवा आणि कोयत्यानं जमिनीलगत छाटा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बुडख्यावर पाचट राहिलं तर माती लवकर तापत नाही, कोंब उशिरा येतात. ठिबक असेल तर कुट्टीआधी नळ्या गुंडाळून घ्या. पात्याखाली आलेली नळी जोडून भागत नाही.

कुट्टीचं यंत्र आमच्याकडे भाड्यानं मिळतं. तोड सुरू झाली त्याच दिवशी दुकानात सांगून ठेवा. कोंब वर आले, की ट्रॅक्टर रानात घालता येत नाही.