पेटीत उत्तरं का ठेवली नाहीत

नमस्कार. आमची कोड्यांची पेटी तुम्ही घरी नेलीत, मनापासून आभार. पेटी उघडल्यावर बहुतेकजण आधी उत्तरांचा कागद शोधतात. तो सापडणार नाही. राहून गेला असं नाही, मुद्दामच घातलेला नाही.

कारण साधं आहे. चार मित्र जमतात, कोडं अडतं, आणि उत्तर हाताशी असलं की दहा मिनिटांत कुणीतरी कागद उलटतोच. “अस्सं होय!” म्हणून सगळे पुढच्या कार्डाकडे वळतात. ते कोडं त्या चौघांसाठी कायमचं संपलं. एकदा कळलेलं उत्तर पुन्हा न कळलेलं करता येत नाही. म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे उत्तराऐवजी तीन हिंट आहेत, घडी घालून चिकटवलेल्या. एकेक करून उघडा, आणि गटातले सगळे ‘हो’ म्हणाले तरच. तिन्ही उघडूनही सुटलं नाही, तर पेटीवरच्या पत्त्यावर लिहा. तुम्ही कुठवर पोचलात तेही कळवा, म्हणजे आम्ही तिथूनच पुढचं सांगू.

बसायला तीन ते पाच जण उत्तम. जास्त असतील तर दोन गट करा. एकाने कार्ड मोठ्याने दोनदा वाचायचं, मग पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही. ही पाच मिनिटं कृपया गाळू नका. ज्याचं डोकं भरभर चालतं तो पहिल्याच मिनिटाला बोलला, की बाकीचे त्याच्याच वाटेने जातात, आणि ती वाट चुकीची असली तर सगळेच एकदम अडकतात. पाच मिनिटांनंतर मात्र कागद एकच आणि पेन्सिल एकच. प्रत्येकाने आपापल्या कागदावर गुपचूप लिहिलं तर ते एकत्र सोडवणं उरत नाही. चुकीचा अंदाजही मोठ्याने बोला. त्यातलाच एखादा तुकडा दुसऱ्याला नेमका हवा असतो.

कोडं कुणाला आधीच माहीत असेल तर त्याने ते सुरुवातीलाच सांगावं. मग तो नियमांबद्दलच्या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देईल.

सुरुवात कार्ड १ पासून करा, पूल आणि टॉर्चचं कोडं. रात्र आहे, चौघांना पूल ओलांडायचा आहे. एकाला १ मिनिट लागतं, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ५, चौथ्याला १०. पुलावर एका वेळी दोघंच मावतात, टॉर्च एकच आहे आणि तिच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दोघं निघाले की हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं. कमीत कमी किती मिनिटांत चौघंही पलीकडे पोचतील, ते शोधायचं. यासाठी पेटीत चार सोंगट्या आणि एक पिवळी गोटी दिली आहे. गोटी म्हणजे टॉर्च. ती खरोखर हाताने इकडून तिकडे सरकवा. नुसतं मनात धरलं की टॉर्च परत आणायची राहूनच जाते.

जवळजवळ प्रत्येक गट १९ मिनिटांवर येऊन थांबतो. सगळ्यात चपळ माणसाने एकेकाला पोचवायचं आणि टॉर्च घेऊन परत यायचं, हे इतकं उघड वाटतं की त्यापुढे कुणी बघतच नाही. कार्डावर मात्र १७ लिहिलंय आणि ते बरोबर आहे. इथे अडलात तर एकमेकांना एकच गोष्ट विचारा: १० मिनिटंवाला चालत असताना त्याच्याबरोबर कोण असेल तर आपली जास्त मिनिटं वाचतील? या प्रश्नापाशी गट एकदम गप्प होतो, आणि मग दोन-तीन हात एकदमच सोंगट्यांकडे जातात.

कार्ड ४ तराजूचं. ते आमचं सगळ्यात लाडकं. १२ चकत्या दिसायला अगदी सारख्या, त्यांतली एक खोटी. ती जड आहे की हलकी हे माहीत नाही. तराजू फक्त तीनदा वापरून ती शोधायची आणि जड की हलकी तेही सांगायचं. हात आपसूक सहा-सहा चकत्यांकडे जातो. तसं करण्याआधी जरा मोजा. बारापैकी कुठलीही खोटी असू शकते, आणि ती जड किंवा हलकी, म्हणजे शक्यता २४. एका तोलण्यात तीनच गोष्टी घडू शकतात: डावं पारडं खाली, उजवं खाली, नाहीतर दोन्ही सम. तीन तोलण्यांत ३ × ३ × ३, म्हणजे २७ निकाल. २४ शक्यतांना २७ निकाल पुरतात, म्हणून आशा आहे. पण सहा-सहा तोलले की तराजू कलणारच. कुठेही कलला तरी १२ शक्यता शिल्लक राहतात, आणि उरलेल्या दोन तोलण्यांचे निकाल फक्त ९. गाडी तिथेच अडली. मग पहिल्या वेळी पारड्यांत किती चकत्या टाकाव्यात, ते याच हिशेबाने काढा.

आमच्या सुरुवातीच्या काही पेट्यांत एका चकतीवर रंगाचा थर जाड बसला होता, त्यामुळे खोट्या चकत्या दोन झाल्या. एका गटाने दोन संध्याकाळी खर्च करून आम्हाला कळवलं की एकच चकती खोटी असेल तर असे निकाल येऊच शकत नाहीत. त्यांचा तर्क पक्का होता, चूक आमची होती. तेव्हापासून प्रत्येक चकती रंग वाळल्यावर वजन करूनच पेटीत जाते. तुम्हीही तोलण्याआधी रिकामी पारडी सम आहेत ना ते बघा आणि दांडी पूर्ण स्थिर होऊ द्या.

कार्ड ६, तीन पत्ते. एकावर चांदणी. पत्ते मांडणाऱ्याला ती कुठे आहे ते ठाऊक असतं. खेळणाऱ्याला चांदणी शोधायची असते. तो एक निवडतो, मांडणारा उरलेल्यांतला चांदणी नसलेला एक उलटतो आणि विचारतो, “बदलायचा?” आता दोनच उरले, मग बदलला काय न बदलला काय, असं वाटतं. अमेरिकेतल्या सदरलेखिका मॅरिलिन वॉस सॅव्हंट यांनी १९९० मध्ये आपल्या सदरात अशाच कोड्याला ‘बदला’ असं उत्तर दिलं, तेव्हा सुमारे १०,००० पत्रं आली. बहुतेकांनी त्यांना चूक ठरवलं, आणि लिहिणाऱ्यांत गणितातले डॉक्टरेटधारकही होते. बरोबर त्याच होत्या. वाद घालत बसू नका; ३० डाव न बदलता खेळा, ३० बदलून, आणि रेघा मारा. पहिल्या रकान्यात १० च्या आसपास जिंकाल, दुसऱ्यात २० च्या. मांडणाऱ्याला चांदणीची जागा माहीत असणं हाच या कोड्याचा जीव आहे. त्याने आंधळेपणाने पत्ता उलटला आणि योगायोगाने चांदणी निघाली नाही, तर मात्र खरंच निम्मे-निम्मे.

कार्ड ९ बद्दल आधीच सांगतो, कारण ‘हे कार्ड चुकीचं छापलंय’ अशी तक्रार वारंवार येते. क्योनिग्सबर्ग (आजचं रशियातलं कालिनिनग्राद) शहराचे नदीने चार तुकडे केले होते आणि त्यांना जोडणारे सात पूल होते. एका फेरीत सातही पुलांवरून जायचं, प्रत्येकावरून एकदाच. हे होत नाही. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७३६ मध्ये ते दाखवून दिलं. जमिनीच्या ज्या तुकड्यावर तुम्ही फेरी सुरूही करत नाही आणि संपवतही नाही, तिथे जितक्या वेळा याल तितक्या वेळा निघावं लागतं, म्हणजे त्याला जोडलेले पूल सम संख्येत हवेत. इथे चार तुकड्यांना ५, ३, ३ आणि ३ पूल आहेत, चारही विषम. फेरीला सुरुवात एक आणि शेवट एक, त्यामुळे दोनच विषम तुकडे चालतात. हे लक्षात आलं की कार्डावर पेन्सिलीने आठवा पूल काढा, कुठल्याही दोन वेगळ्या तुकड्यांना जोडणारा. मग फेरी कुठून सुरू करायची ते गटाला ठरवू द्या. कार्डावरची पेन्सिल पुसली जाते, खोडरबर पेटीच्या छोट्या कप्प्यात आहे.