बेससाठी अँप आणि सब निवडताना

सबच्या (सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर) डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले २००० वॅट बहुतेक वेळा पीक, म्हणजे क्षणभर झेलता येणारे असतात. मागच्या पाटीवर आरएमएस, म्हणजे सतत झेलता येणारे वॅट शोधा. साधारण हिशेब असा: आरएमएसच्या दुप्पट प्रोग्राम (चढ-उतार असलेल्या गाण्यासाठीचा आकडा), चौपट पीक. म्हणजे हा सब खरा ५०० वॅटचा. पीएमपीओचा (जाहिरातीसाठी फुगवलेला) आकडा तर विचारातच घेऊ नका.

अँप (अॅम्प्लिफायर) सबच्या आरएमएसच्या दीडपट ते दुप्पट हवा, आणि तोही सबच्याच ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). ५०० वॅट, ८ ओहमच्या एका सबला ८ ओहमवर ७५० ते १००० वॅट देणारा चॅनेल लागतो. असे दोन सब एका चॅनेलवर समांतर जोडले की ४ ओहम होतात. मग ४ ओहमवर १५०० ते २००० वॅट हवेत. चार जोडले की २ ओहम, आणि तेवढा भार बरेच अँप झेलत नाहीत. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात तर प्रोटेक्शन हमखास पडतं, म्हणजे अँप स्वतःला वाचवायला बंद होतो.

स्पीकर जळेल या भीतीने पुष्कळ जण ३०० वॅटचा अँप मागतात. स्पीकर जळतो तो नेमका त्यानेच! वरात रंगात आली की आवाज चढवला जातो, अँपची ताकद संपते, लाटेची टोकं कापली जातात आणि क्लिपचा (लाट कापली जात असल्याचा) लाल दिवा विझतच नाही. पूर्ण कापलेल्या लाटेत ३०० वॅटचा अँप ६०० वॅटच्या आसपास शक्ती ओततो, तीही उसंत न देता. स्पीकरच्या आतली कॉइल तापते, वार्निशचा वास येतो, मग कोन हाताने दाबला की घासतो.

मोठ्या अँपला लिमिटर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर ताकद अडवणारी सोय, लावायलाच हवा. सबची वायर काढून ठेवा, ५० हर्ट्झचा टोन सोडा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा. ५०० वॅट, ८ ओहमसाठी ६३ व्होल्टच्या वर काटा जाता कामा नये. पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या डब्याला ३५ हर्ट्झच्या आसपास हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) द्या. पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खाली हवा कोनला आवरत नाही, तो वाजवीपेक्षा जास्त हलतो आणि फाटतो. क्रॉसओव्हर (ज्याच्या वरचे सूर सबला जात नाहीत ती सीमा) ८० ते १०० हर्ट्झ.

वायरवर पैसे वाचवू नका. ४ ओहमच्या भाराला २० मीटर अंतरावर ०.७५ चौरस मिमीची वायर टाकली तर सबपर्यंत पोचणारी ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. २.५ घ्या, ४ चौरस मिमी असेल तर उत्तमच.

वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून आमचा सल्ला: आधी सेन्सिटिव्हिटी (१ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल आवाज) पाहा. ९८ डेसिबलचा सब ५०० वॅटवर जे देतो, त्यासाठी ९५ डेसिबलच्या सबला १००० वॅट लागतात. दोन सब असतील तर शेजारी-शेजारी ठेवा. ५० हर्ट्झची लाट साधारण ७ मीटर लांब असते. मांडवाच्या दोन टोकांना एकेक सब ठेवला की काही ओळींत बेस पार गायब होतो. एकाची वायर प्लस-मायनस उलट लागली तरी तेच. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, दोन्ही कोन बाहेरच आले पाहिजेत.

दुकानात येताना सबच्या मागच्या पाटीचा फोटो, वायरचं अंतर आणि कार्यक्रम हॉलमध्ये की उघड्यावर, एवढं घेऊन या. पाटी पुसली असेल तर सबची वायर काढून टर्मिनलवर मल्टिमीटर लावा: ८ ओहमचा एकटा स्पीकर ५.५ ते ६.५ दाखवतो.